गिझर प्रत्यक्षात किती वॅट घेतो? व्होल्टेज आणि करंट मोजून रोध व शक्ती काढण्याची पद्धत

गिझरच्या नेमप्लेटवर '२३० व्होल्ट, २००० वॅट' असे छापलेले असते, आणि बिलाचा अंदाज बांधताना, वायरची जाडी ठरवताना किंवा पाणी तापायला उशीर का लागतो याचा विचार करताना बहुतेक घरांत तो आकडा जसाच्या तसा धरला जातो. प्रत्यक्षात त्या उपकरणाला नेमके २३० व्होल्ट मिळाले तरच ते २००० वॅट घेते. तिथे २१० व्होल्ट पोहोचत असतील, तर तोच गिझर सुमारे १६७० वॅटच घेतो. म्हणून कोणत्याही उपकरणाचा रोध आणि त्याची शक्ती ही ते चालू असताना, एकाच वेळी मोजलेल्या व्होल्टेज आणि करंटवरूनच काढावी, असा माझा आग्रह आहे. ही पद्धत सविस्तर समजावी यासाठी १५ लिटरच्या साठवणीच्या गिझरचे एकच उदाहरण घेतले आहे. त्यातील मोजमापे हिशेबासाठी निवडलेली असली, तरी जुन्या वायरिंगच्या घरात असेच आकडे सर्रास दिसतात.

लागणारी सूत्रे

शाळेच्या पुस्तकात ज्याला विभवांतर आणि विद्युतधारा म्हणतात, त्यांनाच व्यवहारात आपण व्होल्टेज आणि करंट म्हणतो. धातूच्या तारेतील करंट तिच्या दोन टोकांमधील व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो, हे गेओर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली मांडले. त्यातून पहिले सूत्र मिळते:

रोध (ओहम) = व्होल्टेज ÷ करंट

तारेतून करंट जाताना निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल यांनी १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. शक्तीची सूत्रे तीन प्रकारे लिहिता येतात:

शक्ती (वॅट) = व्होल्टेज × करंट
शक्ती = करंटचा वर्ग × रोध
शक्ती = व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध

ही तिन्ही एकाच गोष्टीची रूपे आहेत, आणि हातात कोणती दोन मापे आहेत त्यावरून त्यांपैकी एक निवडायचे असते. चूक होते ती सूत्रात सहसा नसते. गिझरच्या शक्तीच्या सूत्रात भिंतीतील वायरचे व्होल्टेज घालणे, किंवा सकाळी मोजलेला करंट आणि संध्याकाळी मोजलेले व्होल्टेज यांचा गुणाकार करणे, अशा ठिकाणी हिशेब फसतो. सूत्रातील व्होल्टेज, करंट आणि रोध हे तिन्ही एकाच भागाचे आणि एकाच क्षणाचे असले पाहिजेत.

उपकरणे आणि सुरक्षितता

करंट मोजण्यासाठी क्लॅम्प मीटर वापरावा. वायरमन त्याला टाँग टेस्टर म्हणतात. त्याचा जबडा वायरभोवती अडकवला की वायर न तोडता करंट समजतो. साध्या मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकात प्रोब लावून घरातील मुख्य पुरवठ्याचा करंट मोजू नये, असे मला निक्षून सांगावेसे वाटते. त्यासाठी सर्किट तोडून मीटर मध्ये जोडावा लागतो, अनेक स्वस्त मीटरमध्ये ही बाजू फ्यूजशिवाय असते, आणि प्रोब त्याच भोकात राहिलेला असताना कोणी व्होल्टेज मोजायला गेले तर फेज व न्यूट्रल यांच्यात सरळ शॉर्ट सर्किट होते. व्होल्टेजसाठी मल्टिमीटर चालेल, मात्र तो कॅट थ्री ६०० व्होल्ट या सुरक्षा दर्जाचा असावा, त्याच्या प्रोबचे आवरण कुठेही तडकलेले नसावे आणि एसी व्होल्टेजच्या रेंजमध्ये त्याने दशांश व्होल्ट दाखवावा. दशांशाची ही अट का घातली आहे ते वायरिंगच्या हिशेबात कळेल.

गिझरच्या टर्मिनलवर किंवा उघड्या स्विचबोर्डात घ्यायची सर्व मापे परवानाधारक वायरमनकडूनच घ्यावीत. ओली जमीन आणि अर्थ झालेली नळाची पाइप शेजारी असताना जिवंत टर्मिनलवर हात चालवण्याचा धोका पत्करण्यासारखा नसतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागल्यास वीज तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर उत्तमच, पण तो फेज व न्यूट्रल या दोन्हींना एकदम स्पर्श झाल्यास वाचवू शकत नाही. मोजणीची योग्य रीत अशी की, आधी एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेल्यास वीज तोडणारा स्विच) बंद करावा, वीज नसल्याची टर्मिनलवर खात्री करून घ्यावी, मीटरच्या प्रोबना इन्सुलेशन असलेल्या क्लिपा लावून त्या टर्मिनलला घट्ट अडकवाव्यात, हात बाजूला घ्यावेत, आणि मगच वीज चालू करून आकडा वाचावा.

प्रत्यक्ष मोजणी

टाकीत थंड पाणी भरलेले असताना सुरुवात करावी, म्हणजे थर्मोस्टॅट मध्येच करंट तोडणार नाही. डिस्ट्रिब्युशन बोर्डात गिझरच्या एमसीबीतून बाहेर पडणारी एकटी फेज वायर क्लॅम्पच्या जबड्यात घ्यावी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र जबड्यात आल्या तर त्यांतील करंट विरुद्ध दिशांनी वाहत असल्यामुळे मीटर जवळपास शून्य दाखवतो, आणि नवख्या माणसाला गिझर करंट घेतच नाही असे वाटते. जबडा पूर्ण मिटलेला असावा आणि वायर साधारण त्याच्या मध्यभागी असावी.

आता चार आकडे लिहून घ्यावेत. गिझर बंद असताना मीटरबोर्डवरचे व्होल्टेज २२६ आहे असे समजू. गिझर चालू केल्यावर मीटरबोर्डवर २२१ व्होल्ट, गिझरच्या टर्मिनलवर २१४ व्होल्ट, आणि करंट ८.१ अँपिअर मिळाला. बाहेरच्या लाइनचे व्होल्टेज शेजाऱ्यांच्या वापरानुसारही हलते, म्हणून गिझर तीन-चार वेळा चालू-बंद करून आकडे तसेच येतात का ते पाहावे. एखादा आकडा विसंगत आला तर तो सोडून देण्यापेक्षा मोजणी पुन्हा करणे चांगले.

गिझरचा रोध काढताना त्याच्या टर्मिनलवरचेच २१४ व्होल्ट घ्यायचे: २१४ ÷ ८.१ = २६.४ ओहम. शक्ती: २१४ × ८.१ = १७३३ वॅट. पडताळा म्हणून नेमप्लेटवरून अपेक्षित रोध काढावा: २३० चा वर्ग ५२९००, भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम. दोन्ही रोध जुळले, याचा अर्थ गिझरची कॉइल ठणठणीत आहे, आणि २००० ऐवजी १७३३ वॅट मिळण्याचे कारण केवळ कमी पडणारे व्होल्टेज हे आहे. रोध ३५ किंवा ४० ओहम आला असता, तर व्होल्टेजला दोष न देता कॉइल किंवा थर्मोस्टॅटचे संपर्क तपासावे लागले असते. माझ्या मते गिझर दुरुस्तीला पाठवण्याआधी हा एक भागाकार प्रत्येकाने करून घ्यावा, कारण व्होल्टेजचा दोष असताना नवी कॉइल बसवून काहीही सुधारत नाही.

उत्तर किती आकड्यांपर्यंत लिहावे याचेही तारतम्य हवे. कॅल्क्युलेटर २६.४१९७५ दाखवतो, पण साध्या क्लॅम्प मीटरची अचूकता दोन-तीन टक्क्यांच्या घरात असते, त्यामुळे हा रोध २५.६ ते २७.२ ओहम यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. २६.४ एवढे लिहिणे पुरेसे आहे.

रोधाची आणखी एक तपासणी वीज बंद करून करता येते. गिझरचा प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढावा, थर्मोस्टॅट चालू स्थितीत ठेवावा, आणि प्लगच्या फेज व न्यूट्रल पिनांमधील रोध मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर मोजावा. प्रोब एकमेकांना टेकवल्यावर मीटर जे ०.२ किंवा ०.३ ओहम दाखवतो ते उत्तरातून वजा करावेत. कॉइलची तार नायक्रोमची असल्याने थंड आणि तापलेल्या स्थितीतील रोधात फार थोडा फरक पडतो, त्यामुळे २६ ओहमच्या आसपासच आकडा यायला हवा. याच वेळी फेज पिन आणि अर्थ पिन यांच्यातही मापून पाहावे. तिथे काही हजार ओहमसुद्धा दिसले तर गिझर वापरणे ताबडतोब थांबवावे. मीटरने काहीच दाखवले नाही म्हणजे इन्सुलेशन चांगलेच आहे असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही, त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावावा लागतो.

पाणी तापण्याचा वेळ आणि युनिट

१ लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४१८६ जूल लागतात. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला १५ × ४० × ४१८६, म्हणजे सुमारे २५.१ लाख जूल लागतील. २००० वॅटने भागले तर १२५६ सेकंद, म्हणजे जवळपास २१ मिनिटे होतात. १७३३ वॅटने भागले तर २४ मिनिटे. बिलातील एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, त्यामुळे दोन्ही वेळा पाण्यात जाणारी ऊर्जा ०.७ युनिटच असते. टाकीच्या भिंतीतून निसटणारी थोडी उष्णता सोडली, तर कमी व्होल्टेजमुळे गिझरचे बिल घटत नाही आणि वाढतही नाही, फक्त वेळ वाढतो. थंडीच्या दिवसांत सकाळी गिझर 'कमजोर' झाल्याची तक्रार होते, तेव्हा त्या वेळचे व्होल्टेज आधी मोजावे.

वायरिंगचा रोध: सर्वांत उपयोगी हिशेब

या सूत्रांचा खरा फायदा गिझरपेक्षा गिझरपर्यंतच्या वायरिंगला होतो, आणि त्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मीटरबोर्डवर २२१ व्होल्ट आणि गिझरवर २१४ व्होल्ट असतील, तर मधले ७ व्होल्ट घराच्या वायरिंगमध्ये खर्ची पडत आहेत. त्या वायरिंगमधूनही तेच ८.१ अँपिअर वाहत असल्यामुळे तिचा एकूण रोध ७ ÷ ८.१ = ०.८६ ओहम, आणि तिच्यात जळणारी शक्ती ७ × ८.१ = ५७ वॅट. इथे २२१ किंवा २१४ यांना ८.१ ने भागले तर उत्तराला काही अर्थ राहणार नाही. वायरिंगचा रोध काढताना वायरिंगवर पडलेले व्होल्टेजच घ्यावे लागते.

पूर्ण व्होल्टचेच आकडे दाखवणाऱ्या मीटरवर ही वजाबाकी ६ किंवा ८ सुद्धा येऊ शकते, आणि सातमधील एकाची चूक म्हणजे १४ टक्क्यांची चूक होते. दशांश व्होल्टची अट त्यासाठीच होती. दोन्ही ठिकाणी तोच मीटर आणि तीच रेंज वापरली की मीटरची स्वतःची चूक वजाबाकीत बऱ्याच अंशी निघून जाते.

आता हा रोध किती असायला हवा होता ते काढू. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध २० अंश सेल्सिअसला दर किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो, १.५ चौरस मिलिमीटरसाठी तो १२.१ आणि १ चौरस मिलिमीटरसाठी १८.१ ओहम असतो. बोर्डापासून गिझरपर्यंतचे अंतर १५ मीटर असेल, तर फेजने जाणे आणि न्यूट्रलने येणे मिळून वायर ३० मीटर होते. ०.०३ × ७.४ = ०.२२ ओहम. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणून वायर ५० अंशांपर्यंत तापली तरी तो ०.२५ ओहमच्या पुढे जाणार नाही. भिंतीत चुकून १ चौरस मिलिमीटरची वायर टाकलेली असती तरी ०.५४ ओहमच भरले असते. म्हणजे ०.८६ पैकी मोठा वाटा वायरच्या तांब्यात नाही. तो कुठल्या तरी सैल जोडात, जळालेल्या स्विचच्या संपर्कात किंवा सॉकेटच्या ढिल्या पिनांत लपलेला आहे.

२.५ चौरस मिलिमीटरची वायर आहे असे धरले, तर जोडांमधील जादा रोध सुमारे ०.६४ ओहम होतो. करंटचा वर्ग ६५.६, त्याला ०.६४ ने गुणले की ४२ वॅट मिळतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातील साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि तिचे टोक कथील वितळवते; इथे ४२ वॅट एखाद्या स्विचच्या आत, प्लॅस्टिकच्या डबीत कोंडलेले आहेत. स्विचबोर्डाला येणारा जळका वास, सॉकेटभोवती पडलेला पिवळसर डाग आणि गिझर चालू असताना गरम लागणारा प्लग हे सगळे याच ४२ वॅटचे काम असते. एमसीबी यावर काहीही करत नाही, कारण करंट ८.१ अँपिअर इतकाच, म्हणजे त्याच्या मर्यादेत आहे. आगीचे हे कारण कोणतेही संरक्षक उपकरण सहज पकडत नाही, आणि म्हणूनच ही वजाबाकी करून पाहणे मला इतके महत्त्वाचे वाटते.

दोष नेमका कुठे आहे ते शोधायला वायरमनने गिझर चालू असताना एकेका जोडाच्या दोन बाजूंमधील व्होल्टेज मोजावे. चालू स्थितीतील चांगल्या स्विचच्या दोन टर्मिनलांमध्ये व्होल्टचा अगदी लहान अंश दिसतो. तिथे ५ व्होल्ट दिसले, तर ५ ÷ ८.१ = ०.६२ ओहम हा सगळा जादा रोध त्या स्विचमध्येच सापडला. अशा स्विचचा स्क्रू नुसता आवळून भागत नाही; आतील संपर्क काळे पडलेले असतात, त्यामुळे स्विच बदलावा, वायरचे जळके टोक कापून ताजे तांबे सोलून घ्यावे आणि मगच जोडावे. त्यानंतर गिझरवर सुमारे २१९ व्होल्ट मिळतील, करंट वाढून ८.३ अँपिअर होईल आणि शक्ती १८१५ वॅटच्या आसपास जाईल. दुरुस्तीनंतर करंट वाढलेला पाहून घाबरू नये. तो वाढलाच पाहिजे.

मीटरबोर्डच्या पलीकडचा, म्हणजे बाहेरच्या लाइनचा रोधही याच पद्धतीने निघतो. गिझर लावल्यावर तिथले व्होल्टेज २२६ वरून २२१ वर आले, म्हणजे ५ ÷ ८.१ = ०.६२ ओहम हा खांबावरच्या जोडापासून आणि सर्व्हिस वायरपासून डीपीपर्यंतचा (ट्रान्सफॉर्मरपर्यंतचा) रोध झाला. हा आकडा दिवसेंदिवस वाढत असेल, किंवा एका घरात व्होल्टेज पडते आणि त्याच खांबावरच्या शेजारच्या घरात पडत नसेल, तर वीज वितरण कंपनीकडे तक्रार करताना हेच तीन आकडे लिहून द्यावेत. 'व्होल्टेज कमी येते' या वाक्यापेक्षा त्यांना जास्त वजन असते.

विजेच्या मीटरवरून पडताळा

इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पाटीवर प्रत्येक युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो ते छापलेले असते. तो आकडा ३२०० असेल तर एक लुकलुक म्हणजे ३६ लाख ÷ ३२०० = ११२५ जूल. फ्रिजसह बाकी सर्व एमसीबी बंद ठेवून फक्त गिझर चालवावा आणि १०० लुकलुकींना लागणारा वेळ मोजावा. ६३ सेकंद लागले, तर शक्ती = ११२५०० ÷ ६३ = १७८६ वॅट. मीटरबोर्डवरच्या आकड्यांवरून २२१ × ८.१ = १७९० वॅट येतात; दोन्ही जुळले. यातील १७३३ वॅट गिझरला आणि ५७ वॅट वायरिंगला गेले, पण पैसे १७९० वॅटचे द्यावे लागतात. उघड्या टर्मिनलला हात न लावता करता येणारी ही तपासणी घरातील कोणालाही जमेल.

हा गुणाकार कुठे चालत नाही

गिझर, इस्त्री, रूम हीटर आणि कॉइलची शेगडी यांच्याबाबत वरील हिशेब जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. जुन्या तंतूच्या बल्बचा मात्र रोध तापमानानुसार प्रचंड बदलतो: १०० वॅटच्या पेटलेल्या बल्बचा रोध ५२९ ओहम असतो, तर विझलेल्या थंड बल्बचा मल्टिमीटरवर साधारण ४० ओहमच्या आसपास दिसतो. बल्ब चालू स्थितीत मोजला तरच उत्तर बरोबर येते.

पंखा, मोटर आणि एलईडी यांच्या बाबतीत व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार वॅट देत नाही, व्होल्ट-अँपिअर देतो. वॅट मिळवण्यासाठी त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे वॅट आणि व्होल्ट-अँपिअर यांच्या गुणोत्तराने, गुणावे लागते. ०.५ पॉवर फॅक्टरचा ९ वॅटचा एलईडी बल्ब २३० व्होल्टवर सुमारे ०.०७८ अँपिअर घेतो, आणि साध्या गुणाकारातून १८ असे दुप्पट उत्तर निघते. इतका लहान करंट क्लॅम्पला नीट कळतही नाही. फेज वायरचे दहा वेढे जबड्यातून घेऊन आलेल्या आकड्याला दहाने भागावे, आणि मीटर ट्रू आरएमएस प्रकारचा (वेड्यावाकड्या लहरीचा करंटही बरोबर मोजणारा) असावा.

विहिरीवरच्या तीन फेजच्या ५ एचपी मोटरचा हिशेब असा होतो. दोन फेजमध्ये ३८० व्होल्ट, प्रत्येक फेजमध्ये ८.५ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल, तर शक्ती = १.७३२ × ३८० × ८.५ × ०.८ = ४४७५ वॅट. ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट ही मोटरच्या शाफ्टवर मिळणारी शक्ती आहे, त्यामुळे आत घेतलेली वीज तिच्यापेक्षा जास्त असणारच. इथे व्होल्टेजला करंटने भागून वाइंडिंगचा रोध मात्र काढता येत नाही, कारण चालत्या मोटरमधील करंट वाइंडिंगच्या रोधापेक्षा चुंबकीय परिणामांनी आणि शाफ्टवरच्या भाराने ठरतो.

मोटरचे वागणे गिझरच्या उलट असते. व्होल्टेज कमी झाले की गिझरचा करंटही कमी होतो, पण पंप तितकेच पाणी ओढत राहतो, म्हणून मोटर करंट वाढवून घेते. व्होल्टेज ३८० वरून ३४० वर आले आणि शक्ती तितकीच राहिली, तर करंट ८.५ वरून ९.५ अँपिअरवर जातो. वाइंडिंगमधील उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती सव्वापट होते. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाल्यास मोटर बंद करणारा भाग) वारंवार पडत असेल तर त्याची सेटिंग वाढवण्याआधी, मोटर चालू असताना तिन्ही फेजमधील करंट आणि स्टार्टरवरचे व्होल्टेज यांची एकत्र नोंद घ्यावी. तिन्ही करंट सारखेच वाढलेले असतील तर कमी व्होल्टेजचा किंवा वाढलेल्या भाराचा संशय घ्यावा, आणि एका फेजचा करंट इतर दोघींपेक्षा बराच वेगळा असेल तर आधी त्या फेजचा फ्यूज, केबलचा जोड आणि स्टार्टरचा संपर्क गिझरच्या स्विचसारखाच, दोन बाजूंमधील व्होल्टेज मोजून तपासावा.